खडपांवरचे शैवाल आणि त्याचे सोबती: हणजूणच्या किनाऱ्याविषयीच्या तीन प्रश्नांची उत्तरे

गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. डिसेंबरात विद्यार्थ्यांना घेऊन त्या हणजूणला गेल्या तेव्हा खडपे हिरव्या-तपकिरी शैवालाने भरलेली होती; मे महिन्यात त्याच जागी खडक काळे आणि उघडे पडलेले दिसले. हा प्रदूषणाचा परिणाम समजायचा का, हा त्यांचा पहिला प्रश्न. पुस्तकांत खडकाळ किनाऱ्यावर वरपासून खालपर्यंत जिवांचे ठळक पट्टे दाखवलेले असतात, ते आपल्याकडे नीट का दिसत नाहीत, हा दुसरा. आणि विद्यार्थ्यांना नमुने गोळा करून आणू द्यावेत की नाही, हा तिसरा.

पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, मे महिन्यातील उघडा खडक हा एरवी गोव्याच्या किनाऱ्याचा नेहमीचा चेहरा आहे आणि केवळ त्यावरून प्रदूषणाचा निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच्याच पोटात आहे. पट्ट्यांची ती चित्रे बहुतेक करून ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेच्या थंड किनाऱ्यांवरून तयार झाली. तेथे जीव कोठे राहील हे मुख्यतः खडकाच्या उंचीवरून सांगता येते. आपल्याकडे उंचीचा नियम लागू नाही असे नव्हे, परंतु त्याच्या आधी ऋतू विचारावा लागतो. एकच खडक जुलैत, डिसेंबरात आणि मेमध्ये पाहिला तर तो तीन वेगळ्या किनाऱ्यांवरचा वाटावा इतका बदललेला असतो. हा मुद्दा विद्यार्थ्यांच्या मनात पक्का बसला तर बाकीचे आपोआप उलगडत जाते.

आधी भरती-ओहोटीचे पाहू. मुरगावच्या परिसरात उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या) भरतीचे आणि ओहोटीचे पाणी यांत सुमारे 2 मीटरचा फरक असतो, तर भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत तो 1 मीटर किंवा त्याहूनही कमी राहतो. मुंबईला हाच फरक याच्या दुपटीच्या आसपास जातो आणि खंबातच्या आखातात तर त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे आपल्या उभ्या खडकावर सगळ्या जीवसमूहाला मिळणारी जागा मुळात माणसाच्या उंचीपेक्षा फारशी जास्त नाही. त्यातच जांभ्याच्या कड्यावरून कोसळलेले गोटे, कपारी, डबकी आणि लाटांच्या आडोशाच्या जागा यांची इतकी सरमिसळ असते की दोन हातांच्या अंतरावर पट्ट्याची उंची बदलते. पट्टे शोधायचे असतील तर गोट्यांच्या गर्दीत शोधू नयेत. समुद्राकडे तोंड केलेला एखादा सलग, उभा, टणक खडक निवडावा. दोना पावला आणि बोगमाळोच्या बाजूचा ग्रेवॅक (मातीमिश्रित वाळूचा टणक) खडक किंवा काणकोणातील पाळोळ्याचा ग्रॅनाइट या कामी जांभ्यापेक्षा कितीतरी बरा. जांभा सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि झिजून त्याचे तुकडे पडतात, त्यामुळे त्याच्यावरची वस्ती नेहमीच थोडी विस्कळीत राहते.

भरती-ओहोटीची वेळ ही तिच्या उंचीइतकीच महत्त्वाची आहे आणि पाठ्यपुस्तकांत तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नसते. गोव्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती साधारण दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आगेमागे येते. म्हणून उधाणाची मोठी ओहोटी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी, पाच-सहाच्या सुमारास पडते. पुढे रोज ती सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारच्या जवळ येऊन पोहोचते, पण तेव्हा भांगाचे पाणी असल्यामुळे ती फार खाली जात नाही. याचा परिणाम असा की, खडकाचा सर्वांत खालचा भाग जेव्हा उघडा पडतो तेव्हा सूर्य कलता असतो आणि माध्यान्हीच्या उन्हात तो भाग पाण्याखाली असतो. मधल्या आणि वरच्या भागाला मात्र अष्टमीच्या आसपास सलग काही दिवस ऐन दुपारचे ऊन सोसावे लागते. नाजूक शैवाले, झोअँथिड (समुद्रफुलांचे गालिचे करून राहणारे नातलग) आणि समुद्रफुले खालीच का टिकतात याचे अर्धे उत्तर या वेळापत्रकात आहे. ओहोटीची वेळ आणि उंची सहलीच्या आधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी, कारण दिवसाच्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात.

आता एखाद्या बऱ्या खडकावर वरून खाली येऊ. अगदी वर, जेथे फक्त उधाणाचे शिंतोडे पोहोचतात, तेथे खडक डांबर लावल्यासारखा काळा दिसतो. पुष्कळांना ते तेलाचे डाग वाटतात, प्रत्यक्षात तो सायनोबॅक्टेरियांचा, म्हणजे उन्हावर स्वतःचे अन्न करणाऱ्या सूक्ष्म जिवाणूंचा, पातळ थर असतो. त्याच्यावर आणि भेगांमध्ये वाटाण्याहून लहान लिटोरिनिड गोगलगायी घोळक्याने बसलेल्या असतात. त्या कवचाचे दार लावून घेऊन कित्येक दिवस पाण्यावाचून राहू शकतात. त्याखाली कॅथॅमलस जातीचे बारीक, राखाडी बार्नॅकल (खडकाला कायमचे चिकटून कवचात राहणारे खेकड्यांचे दूरचे नातलग) खडकाला खरखरीत करून टाकतात. त्यांच्या खालून आपल्या ओळखीची कालवे सुरू होतात. खडकाला एक शिंपला सिमेंट केल्यासारखा चिकटवून बसणारे सॅकोस्ट्रिया हे कालव अनवाणी चालणाऱ्याचा तळपाय कापते, तेच. याच मधल्या भागात नेरिटा गोगलगायी, टोपीसारख्या कवचाचे लिम्पेट, पाठीवर आठ तुकड्यांचे कवच असलेले कायटन आणि लगबगीने बाजूला होणाऱ्या खडपी कुर्ल्या (खेकडे) असतात. आणखी खाली, लाटांचा मारा असलेल्या जागी, शिनाणे हे शिंपले धाग्यांनी खडकाला बांधून घेऊन दाटीवाटीने राहतात. ओहोटीच्या सर्वांत खालच्या रेषेजवळ पाडायना, सारगॅसम, कॉलर्पा, चुनखडीयुक्त अँफिरोआ ही शैवाले आणि झोअँथिडांचे हिरवट-तपकिरी गालिचे सापडतात. हे गालिचे वनस्पतीसारखे दिसले तरी ते प्राणी आहेत; त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात, म्हणून त्यांना तो रंग येतो.

प्रत्येक पट्ट्याची वरची सीमा बहुधा ऊन, कोरडेपणा आणि तापमान ठरवतात, तर खालची सीमा शेजारी आणि शत्रू ठरवतात. हा सिद्धान्त जोसेफ कॉनेल यांनी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर केलेल्या आणि 1961 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आला. वरच्या पट्ट्यातील कॅथॅमलस हा बार्नॅकल खाली उत्तम वाढू शकतो, पण तेथे दुसऱ्या, मोठ्या जातीचा बार्नॅकल त्याला चिरडून, उपटून टाकतो, हे त्यांनी शेजारी काढून टाकून दाखवून दिले. पुढे 1966 साली रॉबर्ट पाइन यांनी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मकॉ बे येथून एक शिकारी तारामासा सतत दूर ठेवला, तेव्हा खडकावरच्या मोठ्या जातींची संख्या 15 वरून 8 वर आली, कारण शिंपल्यांनी बाकीच्यांची जागा बळकावली. आपल्या खडपांवर तारामाशाची ती भूमिका कोणी एकटा प्राणी बजावतो असे मला वाटत नाही. येथे थाइस वर्गातील मांसाहारी गोगलगायी बार्नॅकल आणि कालवांच्या कवचाला भोक पाडून त्यांना खातात, कुर्ल्या लहान शिंपले फोडतात, भरतीच्या पाण्याबरोबर मासे वर येऊन चरतात. उष्ण कटिबंधात भक्षकांची ही गर्दी मोठी असते आणि कोणी एक काढला तर दुसरा त्याचे काम चालवतो.

उघड्या दिसणाऱ्या खडकाचे कोडे समजायला लिम्पेटकडे वळावे लागते. शंकूच्या टोपीसारख्या कवचाचा हा प्राणी, आपल्याकडे मुख्यतः सेलाना जातीचा, भरतीत खडकावर फिरून शैवालाची कोवळी रोपे आणि त्यांचा सूक्ष्म थर खरवडून खातो. त्याच्या दातांत गोथाइट हे लोहखनिज असते. गोव्याच्या वाचकाला गंमत वाटेल की ज्या जांभ्यावर तो चरतो त्यातही गोथाइट असतेच. ब्रिटनमधील आयल ऑफ मॅनच्या किनाऱ्यावर 1940 च्या दशकात खडकाच्या एका पट्ट्यावरून सगळे लिम्पेट काढून टाकले, तेव्हा उघड्या खडकावर आधी हिरवे आणि मग तपकिरी शैवाल दाट माजले. याहून मोठा प्रयोग नकळत घडला तो 1967 च्या मार्चमध्ये. टॉरी कॅन्यन नावाचे तेलवाहू जहाज कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळले. तेल विरघळवण्यासाठी वापरलेल्या रसायनांनी तेलापेक्षाही अधिक संहार केला आणि लिम्पेट मेल्यावर तेथील खडक हिरवेगार झाले. त्या हिरवाईतून किनारा पूर्ववत व्हायला काही ठिकाणी दहा वर्षांहून अधिक काळ लागला. विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी गोष्ट हीच आहे की हिरवा खडक निरोगी आणि उघडा खडक आजारी, असे समीकरण खडपांवर चालत नाही. उघडा दिसणारा खडक पुष्कळदा कोणीतरी रोज झाडून ठेवलेला असतो.

आता आपल्या पंचांगाकडे येऊ. मृगाचा पाऊस सुरू झाला की किनाऱ्यावर एकाच वेळी तीन-चार गोष्टी बदलतात. लाटांचा जोर वाढतो आणि वाळू किनाऱ्यावरून आत समुद्रात ओढली जाते, त्यामुळे उन्हाळ्यात वाळूखाली गाडलेले खालचे खडक उघडे पडतात. आभाळ झाकल्याने ऊन कमी होते आणि खडक सतत ओला राहतो. मांडवी, झुवारी, तेरेखोल, साळ अशा नद्यांचे गढूळ, गोडे पाणी मुखाशी पसरते आणि एरवी दर हजारी 35 च्या आसपास असणारी क्षारता नद्यांच्या मुखाजवळ खूप खाली येते. त्याच काळात किनाऱ्यालगत समुद्राच्या खालच्या थरातील थंड, पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर सरकते, मात्र आपल्या बाजूला पावसाच्या आणि नद्यांच्या हलक्या पाण्याचा थर त्यावर झाकणासारखा बसतो. खताची रेलचेल आहे, पण पाणी गढूळ असल्याने प्रकाश नाही, अशी त्यावेळची अवस्था असते.

या अवस्थेतही एक पीक येते, आणि ते बहुतेकांच्या नजरेस पडतच नाही, कारण त्या दिवसांत खडपांवर कोणी जात नाही. जुलै ते सप्टेंबर या काळात पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस हे जांभळट-तपकिरी, रेशमी पडद्यासारखे पातळ शैवाल वरच्या पट्ट्यातील खडकांवर उगवते. जपानी नोरी ज्या वर्गातील शैवालापासून करतात, त्याच वर्गातील हे. उन्हाळ्यात जो वरचा खडक तापून भाजून निघतो त्यावर ते उगवू शकते ते केवळ पावसाळी आभाळ आणि शिंतोडे यांच्या आधाराने. पाऊस संपला की ते नाहीसे होते. मग ते जाते कोठे, हा प्रश्न शेकडो वर्षे नोरी पिकवणाऱ्या जपानी शेतकऱ्यांनाही पडला होता. त्याचे उत्तर 1949 साली कॅथलीन ड्र्यू-बेकर या ब्रिटिश शास्त्रज्ञेने दिले: कॉन्कोसेलिस नावाने जी वेगळीच जात समजली जात होती, ती शिंपल्याच्या कवचात पोखरून राहणारी सूक्ष्म गुलाबी तंतूंची वस्ती म्हणजे या शैवालाचीच दुसरी पिढी आहे. जपानमधील उतो येथे त्यांचे स्मारक आहे. सारांश, शैवाल दिसत नाही म्हणजे ते मेले असे नाही. ते वेगळ्या रूपात, पुष्कळदा भिंगाशिवाय न दिसणाऱ्या रूपात, खडकावर किंवा शिंपल्यात वाट पाहत असते.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळतो आणि चतुर्थीपासून दिवाळीपर्यंतच्या काळात खडपांवर दुसरे पीक उभे राहू लागते. पावसाळ्यात साठलेले पोषक क्षार अजून पाण्यात आहेत, पाणी निवळल्याने प्रकाश आत पोहोचू लागला आहे, क्षारता पूर्ववत होत आहे आणि वाळूने घासून-धुऊन काढलेला खडक मोकळा आहे. आधी येतात ती झटपट वाढणारी हिरवी शैवाले: नळीसारखे किंवा पानासारखे उल्व्हा, आणि लाटांच्या तोंडावर ताठ झुपक्यांनी उगवणारे किटोमॉर्फा. त्यांच्यामागून लाल आणि तपकिरी शैवाले येतात: ग्रॅसिलारिया, हिप्निया, अकँथोफोरा, पंख्याच्या आकाराचे पाडायना, स्पॅटोग्लॉसम, आणि खालच्या रेषेत छातीइतक्या लांबीपर्यंत वाढू शकणारे सारगॅसम. डिसेंबर-जानेवारीत हणजूणच्या सपाट खडपांवर जे दाट शैवाल दिसते ते या सगळ्यांचे मिळून. शेतकऱ्याच्या भाषेत बोलायचे तर पॉर्फिरा हे खडपांचे खरीप आहे आणि सारगॅसम रब्बी.

शिगम्याच्या सुमारास हे पीक उतरू लागते. सारगॅसम बीज सोडून देते, फांद्या तुटतात आणि त्यांचे ढीग वाळूवर येऊन पडतात. खडकाला धरून असलेले बुडखे मात्र पुष्कळदा शिल्लक राहतात आणि पुढच्या हंगामात त्यांतूनच फुटवे येतात. एप्रिल-मेमध्ये पाण्याचे तापमान 30 अंशांजवळ पोहोचते, ऐन दुपारच्या ओहोटीत काळ्या खडकाचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, पोषक क्षार संपत आलेले असतात आणि लिम्पेट व गोगलगायी उरलेसुरले खरवडतात. परत आलेल्या वाळूखाली खालचे खडक गाडले जातात, हे वेगळेच. अशा खडकावर टिकतात ती पापुद्र्यासारखी चिकटून वाढणारी किंवा जेलिडियमसारखी बुटकी, गुच्छाने ओलावा धरणारी शैवाले. बाईंनी मे महिन्यात पाहिलेला काळा खडक तो हाच, आणि त्यावरही भिंग धरले तर पुष्कळ काही जिवंत सापडले असते. हाँगकाँगसारख्या दुसऱ्या मोसमी किनाऱ्यावरही हिवाळ्यातले पानेरी शैवाल उन्हाळ्यात जळून जाते आणि पापुद्री शैवाल उरते, असाच अनुभव आहे.

प्राण्यांचेही वेळापत्रक असते, फक्त ते इतके उठून दिसत नाही. बार्नॅकलची पिल्ले पाण्यात तरंगत सहा अवस्थांतून जातात आणि मग सायप्रिड या अवस्थेत खडकावर चालून, चाचपडून जागा पसंत करतात. एकदा डोके टेकवून चिकटले की जन्मभर हलत नाहीत. आपल्या जातीचे प्रौढ जेथे आहेत तेथे बसण्याकडे त्यांचा कल असतो, म्हणून बार्नॅकल विखुरलेले न दिसता वसाहती करून दिसतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या लोटात मुखाजवळच्या कित्येक बार्नॅकल आणि शिनाण्यांचा निकाल लागतो आणि पावसानंतर मोकळ्या जागेवर नवी पिल्ले बसतात. यामुळेच दोना पावल्यासारख्या नदीमुखाजवळच्या खडकावर आणि काब द रामच्या मोकळ्या समुद्राला भिडलेल्या खडकावर एकाच महिन्यात वेगळी चित्रे दिसतात. पहिल्यावर दरवर्षी बरेचसे नव्याने मांडावे लागते, दुसऱ्यावर जुनी वस्ती अधिक टिकते. विद्यार्थ्यांना दोनच जागा दाखवायच्या असतील तर मी या दोन दाखवीन.

पुस्तकातील आणखी एका चित्राविषयी खुलासा करतो, कारण तो प्रश्न वर्गात हमखास येतो: आपल्याकडे केल्पची (उंच, मोठ्या तपकिरी शैवालांची) पाण्याखालची जंगले का नाहीत? केल्पला थंड पाणी लागते आणि आपले पाणी वर्षभर त्या मर्यादेच्या वर असते. परंतु हा अरबी समुद्राचा सरसकट गुण नाही. ओमानच्या धोफार किनाऱ्यावर, सालालाच्या बाजूला, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोल समुद्रातील थंड पाणी इतक्या जोराने वर येते की तेथे एक्लोनिया हा केल्प वाढतो. त्याच वाऱ्याने आपल्याकडेही खालचे पाणी वर सरकते, पण इतके थंड ते पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही, आणि आपल्या नद्यांचे झाकण वर असते. केल्पच्या जागी आपल्याकडे जे काही थोडेफार जंगल आहे ते सारगॅसमचे.

आता प्रदूषणाचा मुद्दा. मेमधील उघडा खडक हा पुरावा नाही, असे म्हटले. तर मग पुरावा कशाला म्हणावे? माझ्या मते उलट दिशेने पाहावे. नोव्हेंबरात उल्व्हा माजणे स्वाभाविक आहे. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा बाकी सर्व खडप कोरडे पडलेले असते तेव्हा, एखाद्या ओहोळाच्या किंवा पाइपच्या तोंडाशीच उल्व्हाचा हिरवा, निसरडा पट्टा जोमात दिसत असेल, तर तेथे सांडपाण्यातून खत मिळत आहे असा संशय घ्यायला जागा आहे. येथेही एक सावधगिरी हवी. आपल्या किनाऱ्यावरचे जांभ्याचे सडे (पठारे) पावसाचे पाणी पिऊन घेतात आणि ते कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने पावसानंतर बरेच दिवस पाझरत राहते. उल्व्हाला गोडे पाणी सोसते, त्याला खाणाऱ्या पुष्कळ गोगलगायींना सोसत नाही, म्हणून अशा झऱ्याखाली हिरवी रेघ उमटते. ती रेघ झऱ्याबरोबर आटते. सांडपाण्याची आटत नाही. दोन्हींतला भेद एका भेटीत कळत नाही, वर्षभर पाहावे लागते. मे-जूनच्या सुमारास लाटांबरोबर येणारे डांबराचे गोळे हा वेगळा विषय. ते खडकावर चिकटून बार्नॅकल आणि लिम्पेट गुदमरवतात, आणि वरच्या पट्ट्यातील नैसर्गिक काळ्या थरापासून ते ओळखायची खूण म्हणजे ते बोटाला लागतात आणि वास येतो.

पर्यटनाच्या तुडवणुकीचा परिणाम मला प्रदूषणाइतकाच गंभीर वाटतो, पण त्याची चर्चा कमी होते. हणजूणसारख्या सपाट खडपावर हंगामात रोज शेकडो पावले पडतात, आणि तो हंगाम नेमका शैवालाच्या वाढीचाच असतो. सारगॅसमसारखे उंच शैवाल आणि झोअँथिडांचे गालिचे पायाखाली टिकत नाहीत. बुटकी, चिवट शैवाले टिकतात. शिवाय फोटोसाठी उलटवलेला दगड तसाच टाकून दिला तर त्याच्या खालच्या अंगावर सावलीत राहणारे स्पंज, भंगुर तारे (बारीक भुजांचे तारामाशाचे नातलग) आणि नळीतले कृमी उन्हात मरतात आणि वरच्या अंगावरचे शैवाल अंधारात कुजते. विद्यार्थ्यांना एकच नियम पाठ करायला लावायचा असेल तर तो दगड होता तसा परत ठेवण्याचा असावा.

अभ्यास कसा करावा, याविषयी. वर्षातून एकदा सगळ्या वर्गाला नेण्यापेक्षा चार-पाच जणांच्या गटाने दर महिन्याला त्याच जागेचा फोटो काढणे अधिक उपयोगाचे ठरते. अर्धा मीटर बाजूची प्लॅस्टिकच्या नळीची चौकट करावी, तिला सुतळीने उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात, आणि वरच्या, मधल्या व खालच्या भागांत दरवेळी ठरलेल्या जागी ती ठेवून वरून फोटो घ्यावा. जागा ओळखायला खडकावर रंग फासू नये. जवळच्या भेगांचा आणि उंचवट्यांचा आराखडा वहीत काढून ठेवला तरी भागते. प्रत्येक चौकोनात काय आहे हे घरी बसून मोजता येते. जातीचे नाव कळले नाही तर "पानेरी हिरवे", "पापुद्री लाल", "बार्नॅकल", "लिम्पेट", "उघडा खडक" असे गट पुरतात. शंका असलेल्या नमुन्याचा फोटो दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील किंवा गोवा विद्यापीठातील जाणकारांना दाखवता येतो. जून ते ऑगस्ट या काळात मात्र विद्यार्थ्यांना खडपांवर नेऊच नये. ओल्या शैवालावर पाय सरकतो आणि लाट कोणत्या क्षणी वर येईल याचा भरवसा नसतो. पॉर्फिरा पाहायचा असेल तर शिक्षकाने सप्टेंबरच्या अखेरीस, समुद्र शांत असताना, ओहोटीच्या वेळी स्थानिक मासेमाराला सोबत घेऊन एकट्याने पाहून यावा.

हात कोठे लावू नये हेही आधी सांगून ठेवावे. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार कोनस शंख उचलू नये, कारण आतील प्राण्याचा दंश विषारी असतो. झोअँथिडांपैकी पॅलिथोआच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते, म्हणून हाताला जखम असताना त्या गालिच्यांना स्पर्श करू नये आणि नंतर डोळे चोळू नयेत. पायांत जाड तळव्याचे बूट हवेत. कालवांच्या कडांनी झालेली जखम लवकर भरत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. खडकावर उगवलेले शैवाल किंवा जिवंत प्राणी विद्यार्थ्यांनी आणू नयेत. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत भरती-ओहोटीच्या रेषांमधला हा पट्टा संरक्षित वर्गात मोडतो, आणि समुद्रकाकडी व दगडी प्रवाळ यांसारख्या जिवांना तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये वाळूवर वाहून आलेले शैवाल घ्यायला हरकत नाही, आणि शाळेच्या संग्रहाला ते पुरेसे असते. ते समुद्राच्याच पाण्यात धुऊन वाळू काढावी आणि ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी शाळेत आणावे. पसरट ट्रेमध्ये समुद्राचे पाणी घेऊन त्यात शैवाल तरंगत ठेवावे, खालून जाड ड्रॉइंग पेपर सरकवावा, बारीक ब्रशने फांद्या उलगडाव्यात आणि कागद हळूच तिरका करून उचलावा. वर मलमलचा तुकडा, त्यावर टिपकागद आणि त्यावर जड पुस्तके ठेवून टिपकागद रोज बदलावेत. बहुतेक शैवाले आपल्याच चिकाने कागदाला चिकटतात. सारगॅसमसारख्या जाड शैवालाला मात्र दोरा किंवा कागदी पट्टी लावावी लागते. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात किनाऱ्याचे नाव, तारीख आणि ते वाहून आलेले होते ही नोंद पेन्सिलने करावी, कारण शाई ओलीने पसरते.